चिप आली की

सौंसरला माझी बदली झाली तेव्हा खोली शोधताना माझ्या लक्षात आलं की या गावातल्या लोकांना भाचे फार. दार उघडलं की "या म्याडम, बसा" व्हायचं, पाण्याचा पेला यायचा, कोणत्या शाळेत, काय शिकवता, पांढुर्ण्याच्या म्हणता तर घर कुठे, सगळं गोडीगुलाबीनं चालायचं. मग आडनाव विचारलं जायचं. ते सांगितलं की घरमालकाला एकदम आठवायचं, या खोलीत आपला भाचा शिकायला येणार आहे. असे पुष्कळ भाचे मी तेव्हा ऐकले. त्यातला एकही पुढे गावात दिसला नाही.

शेवटी ज्याच्याकडे राहिले त्याच्या दारात पोचले तोवर मी थकले होते आणि या वेळी आडनाव आधीच सांगून मोकळं व्हायचं ठरवलं होतं. त्याने मला तोंड उघडू दिलं नाही. हातात स्क्रू काढायचा पेचकस, भर उन्हात गळ्याला मफलर, आणि नाकावर एका चष्म्यावर दुसरा चष्मा.

"खोली पाहाले आल्या का? ते वर हाय. पहिले हे सांगा, तुमच्या घरी जुनं मशीन पडलं हाय का एखादं? टेलिफोनचं, तिकिटाचं, वजनकाट्याचं, कोन्तंबी?"

माझ्या वडिलांचं पांढुर्ण्याला स्टेशनजवळ एसटीडी-पीसीओ होतं. मोबाइल आले, ते बंद पडलं, आणि वडील गेल्यावर बिल काढायचं मशीन आमच्या माळ्यावर जाऊन बसलं. मी ते सांगितलं.

"मंग या राहाले," तो म्हणाला. "येतानी ते घेऊन या."

आडनाव न विचारता मला खोली देणारा सौंसरातला तो एकमेव माणूस. कितीतरी दिवस मी शाळेत त्याचं कौतुक सांगत फिरले. आईला फोनवर सांगितलं, तर ती रडली. पुढे कळलं की आडनावच काय, त्याला समोरचं माणूसच दिसत नव्हतं. माझ्याऐवजी एखादी म्हैस पाठीवर पीसीओचं मशीन घेऊन आली असती तरी त्याने तिला वरची खोली दिली असती.

तोंडावर मी त्याला काका म्हणायची, अहोजाहो करायची. इथे 'तो' लिहिते आहे ते मुद्दाम. तेवढा हक्क मी त्या घरात राहून कमावला आहे.

तो टेलिफोन खात्यातून निवृत्त झाला होता. घरची संत्र्याची बाग होती, ती भावांच्या ताब्यात देऊन तो बाजूला झाला होता. त्याच्या पुढच्या खोलीत टेबलावर, भरतकाम केलेल्या कापडाखाली, एक कॉम्प्युटर होता. आता असतात तसला नव्हे. लोकांनी आपल्या घरी वापरावा म्हणून चाळीसएक वर्षांपूर्वी निघालेला विलायती कॉम्प्युटर: कीबोर्ड आणि मशीन एकाच जाड पेटीत, वरच्या ओळीला लाल बटणं, पडदा म्हणून घरातला टीव्ही, आणि प्रोग्राम भरायचा तो टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवरून. नागपूरचा कोणतासा क्लास बंद पडला तेव्हा त्याने तो उचलून आणला होता. काही वर्षं तो चालला. मग एकदा गावात विजेचा दाब एकदम वाढला आणि घरातले बल्ब, रेडिओ आणि कॉम्प्युटरची मुख्य चिप एका झटक्यात गेली. बल्ब दुसऱ्या दिवशी आले. चिपचा शोध मी राहायला गेले तेव्हाही चालूच होता.

ती चिप म्हणजे काळी, चाळीस पायांची वस्तू, बोटभर लांब. तिच्या पाठीवर नंबर असतो, त्यावरून तो तिला 'पासष्ट-झिरो-टू' म्हणायचा. काकू म्हणजे त्याची बायको. ती तिला सरळ गोम म्हणायची. जुन्या बनावटीच्या त्या चिपा निघणं केव्हाच बंद झालं होतं. त्यामुळे त्या मिळायच्या त्या फक्त दुसऱ्या जुन्या मशीनच्या पोटात, आणि तो जिल्ह्यातल्या प्रत्येक जुन्या मशीनवर गिधाडासारखा नजर ठेवून असायचा. कोणाचा दवाखाना बंद झाला, कोणत्या जिनिंगने नवा काटा बसवला, तिगावला कोणाकडे जुना प्रिंटर आहे, सगळं त्याला तोंडपाठ. लग्नात गेला तर मांडवात कमी आणि ज्याच्या घरी उतरला त्याच्या माळ्यावर जास्त. मयतीला गेला तरी तिसऱ्या दिवशी हळूच विचारायचा, "भाऊंच्या सामानात काही मशीनबिशीन होतं का?"

माझ्या वडिलांचं मशीन त्याने मी सामान उतरवत होते तेवढ्यात उघडलं. मी जिन्यावर गादी घेऊन उभी आणि खाली अंगणात स्क्रू उडून राहिलेले. थोड्या वेळाने त्याचा आवाज आला, "नाही जी. हे दुसऱ्याच खानदानाची हाय." एवढं म्हणून तो आत निघून गेला. ज्या डब्यावर वडिलांनी आयुष्यभर लाल आकडे पळताना पाहिले, तो डबा अंगणात पोट फाडून पडला होता. काकूने तो उचलला, पदराने पुसला, स्क्रू शोधून शोधून लावले आणि वर माझ्या खोलीत आणून ठेवला. "याच्याकडे काही देत नको जाऊ, माय," ती म्हणाली. "माह्याकडे देत जाय."

चिपच्या बाबतीत त्याची नजर मात्र पक्की होती, ते नाकारून चालणार नाही. बाहेरून, कुठून कुठून पार्सलं यायची. त्यातल्या बहुतेक चिपा बनावट. कोणतीतरी फालतू चिप घ्यायची, पाठ घासायची, वर काळा रंग द्यायचा आणि त्यावर हवा तो नंबर छापायचा, असा तो धंदा. तो चिप उलटी करून बघायचा, पाय मोजायचा, नखाने कड खरवडायचा, आणि शेवटी नेलपॉलिश काढायच्या पाण्यात बुडवलेला कापसाचा बोळा तिच्या पाठीवर चोळायचा. बोळा काळा झाला की संपलं. "झुठी!" असा पुकारा व्हायचा, चिप अंगणात भिरकावली जायची आणि तो दिवसभर जेवायचा नाही. नेलपॉलिशचं ते पाणी माझं असायचं. मी नेलपॉलिश लावणं बंद केलं तरी बाटली आणत राहिले, कारण बाटली नसली तर तो रॉकेल वापरायचा आणि मग वर माझ्या खोलीपर्यंत वास यायचा. चिपेची बनावट, पोटजात, जन्मसाल, गाव, सगळी कुंडली तो काढायचा. या गावात एवढी चौकशी फक्त सोयरिकीच्या वेळी होते, किंवा माझ्यासारखी कोणी खोली मागायला आली की.

आणि त्याचं सोवळं. चिपेला हात लावण्याआधी तो अंगणातल्या नळाला हात लावायचा. अंगात साचलेल्या विजेचा बारीकसा झटकाही चिपेला मारतो, नळाला हात लावला की ती वीज जमिनीत जाते, असं त्याचं म्हणणं होतं, आणि ते खोटं नव्हतं. पण एकदा नळ धरला की तो दोन्ही हात खांद्यापर्यंत वर करून, अनवाणी, तोंडाने "शिवू नका, शिवू नका" म्हणत अंगणातून आत जायचा. शेजारपाजारच्यांना वाटायचं, म्हाताऱ्याने काही व्रत घेतलंय. 'शिवू नका' हे शब्द माझ्या आजीने या भागात पुष्कळ ऐकले होते. या घरात ते सगळ्यांना सारखेच लागू होते, म्हणून मला आधी हसू यायचं.

एकदा सकाळी तो असाच हात वर करून आत निघाला होता आणि काकू कपड्यांची बादली घेऊन बाहेर येत होती. उंबऱ्यापाशी तिची पायरी चुकली. रोजची पायरी, पण तिचा पाय हवेत पडला आणि ती बादलीसकट त्याच्यासमोर कोसळली. मी जिन्यावरून धावले. तो तिथेच उभा होता, हातभर अंतरावर. हात वरच. "पाहून चालत जा ना वो," तो म्हणाला. मी तिला उठवत होते तेव्हा तो कडेकडेने, आमचा पदर लागू नये अशा बेताने आत गेला. त्या दिवसानंतर मला त्याचं हसू आलं नाही.

हा कॉम्प्युटर तो लोकांना 'माहं मशीन' म्हणून दाखवायचा. बंद असला तरी दाखवायचा. "हिनंबी थोडंफार टाइप केलं त्याच्यावर," असं शेवटी कधीमधी जोडायचा. खरी गोष्ट मला काकूकडून कळली, तीही संत्री सोलता सोलता, सहज. काकू तिगावची. नागपूरला गणित घेऊन बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला होती, तेव्हा लग्न झालं आणि शिक्षण तिथेच राहिलं. त्याने कॉम्प्युटर आणला तेव्हा त्याच्याबरोबर आलेलं जाडजूड पुस्तक त्याने चाळून ठेवून दिलं. त्याला आतल्या तारा कळायच्या, आज्ञा लिहिणं कधी जमलं नाही. तो ड्युटीवर गेला की ही ते पुस्तक वाचायची. वाचत वाचत तिने एक प्रोग्राम लिहिला: पडद्यावर आधी ठिपके, मग एकेक रेघ, मग रंग, आणि हळूहळू आठ पाकळ्यांची मोठी रांगोळी. पूर्ण व्हायला चहा उकळेल एवढा वेळ लागायचा. तो प्रोग्राम एका कॅसेटवर होता आणि कॅसेट तिच्या कपाटात, लग्नातल्या शालूच्या घडीत.

"अंगणातली रांगोळी दुपारी पुसल्या जाते," काकू म्हणाली. "एवढ्या वर्साच्या सगळ्या पुसल्या गेल्या. हे एकच राहिली. मले एकडाव पाहाची आहे ते. डोळे आहेत तोवर."

काकूला काचबिंदू होता. हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि त्यालाही सांगून झालं होतं. काचबिंदूत माणूस कडेकडेने आंधळा होत जातो. आधी बाजूचं दिसेनासं होतं, मग समोरचं लहान लहान होत जातं. गेलेलं परत येत नाही, उरलेलं तेवढं थेंब टाकून सांभाळायचं. म्हणून त्या घरात खरा प्रश्न एकच होता: आधी चिप येते की आधी डोळे जातात. मला तो दिवसरात्र दिसत होता. काकू तर त्यातच जगत होती. त्याला फक्त अर्धा प्रश्न दिसायचा.

"चिप आली की" हे त्याचं पालुपद. छप्पर गळतंय? चिप आली की पाहू. भावांनी बागेची वाटणी मागितली? चिप आली की बोलू. काकू म्हणायची, "अजी, मले डावीकडचं बिलकुल दिसून नाही राहिलं." तो म्हणायचा, "हो, हो. चिप आली की नागपूरले जाऊ." काकूला नागपूरला मी नेत होते. शाळेला सुटी टाकून, पहाटेच्या बसने. निघताना आम्ही त्याला विचारायचो आणि तो म्हणायचा, "या तुम्ही दोघी जाऊन. मह्यं पार्सल येऊन राहिलं आज." डेन्मार्कमध्ये त्याच्यासारखाच एक चिपवेडा होता, त्याच्याशी तो रोज ईमेलवर बोलायचा. त्या माणसाच्या गुडघ्याचं ऑपरेशन कधी झालं, कोणत्या पायाचं, टाके कधी निघाले, हे तो आम्हाला जेवताना सांगायचा. बायकोच्या डोळ्यात थेंब सकाळी टाकायचे की रात्री, हे त्याला ठाऊक नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

एका शनिवारी त्याने स्वतःहून म्हटलं, चला, जामसावळीला जाऊ. काकूचा चेहरा उजळला. हनुमानाच्या दर्शनाची तिची फार दिवसांची इच्छा होती, आणि तोही डोळ्यांसाठी नवस बोलणार असेल असं तिला वाटलं. ऑटो केला. देवळाच्या रस्त्याला आम्ही उतरलो, तो उतरलाच नाही. "तुम्ही दर्शन घ्या. मी लोधीखेड्याहून आलोच," असं म्हणून ऑटो पुढे गेला. लोधीखेड्याला कोणा कबाड्याकडे बंद दवाखान्यातलं हृदयाचे ठोके काढायचं मशीन आल्याची बातमी त्याला आदल्या दिवशी लागली होती. म्हणून जामसावळी.

मी देवळात जात नाही. बाहेर झाडाखाली बसले. काकू रांगेत गेली आणि बऱ्याच वेळाने गर्दीबरोबर बाहेर आली. चपला काढल्या होत्या तिथे ती येऊन उभी राहिली आणि इकडेतिकडे बघायला लागली. चपला तिच्या पायाशी होत्या. ती वाकली, हाताने जमीन चाचपली, दुसऱ्या कोणाची चप्पल उचलली, ठेवली. मी जवळ जाऊन तिच्या पायात चपला घातल्या.

"गर्दीत समजत नाही," ती म्हणाली आणि हसली.

"काकू, किती दिसते आता?"

"तुह्यं नाक दिसते. कान नाही दिसत."

मग आम्ही दोघी त्या झाडाखाली बसून राहिलो. लोक नारळ फोडून, प्रसाद खाऊन, बसमध्ये बसून गेले. ऊन कलल्यावर तो आला, हात रिकामे, तोंड पडलेलं. "झुठी निघाली," एवढंच बोलला. दर्शन झालं का, हे विचारायचंही त्याला सुचलं नाही. घरी जाताना काकूच त्याची समजूत घालत होती.

मी स्वभावाने सरळ आहे, दुसऱ्याच्या संसारात नाक खुपसणं मला आवडत नाही. पण त्या दिवसानंतर मी खुपसलं. बंगळूरला माझा मावसभाऊ असल्याच कामात आहे. त्याला विचारलं, तर तो म्हणाला, अगं, त्याच चिपेची नवी आवृत्ती आजही बनते की. जागा तीच, काम तेच. फक्त तिचा पहिला पाय जरा वाकवून बाहेर ठेवायचा, बाकीचे एकोणचाळीस नेहमीसारखे बसवायचे. काकूचा प्रोग्राम तर साधा आहे, आरामात चालेल. त्याने ती पाठवलीसुद्धा. डबी उघडून मी ती आमच्या घरमालकासमोर ठेवली. काकू दाराला टेकून उभी होती.

त्याने नळाला हात लावला, चिप उचलली, दोन्ही चष्म्यांतून पाहिली. बोळा फिरवला. बोळा पांढरा राहिला.

"असली हाय," तो म्हणाला. "पन हे ते नाही."

"काका, चालते तर ना?"

"चालन."

"मग लावा ना."

"पाय वाकवा लागते म्हंजे आपली नाही ते, म्याडम. मशीन जशी होती तशी चालली पाहिजे. नाहीतर मंग त्याले काय अर्थ हाय?"

मी म्हटलं, काकूंना त्यांची रांगोळी बघायची आहे, मशीन नाही. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी काही परक्या भाषेत बोलते आहे. मावसभावाने दुसराही मार्ग सांगितला होता: कॅसेट दिली तर तो त्यातला प्रोग्राम काढून फोनवर चालवून दाखवेल, रांगोळी हुबेहूब तशीच येईल. ते मी सांगितलं तेव्हा तो खरोखरच चिडला. "फोनवर? फोनवर तं काहीबी दिसते! ते मशीन हाय का?" आणि कॅसेट त्याने काकूच्या कपाटातून काढून आपल्या टेबलाच्या खणात ठेवली, कुलूप लावून. पालथ्या घड्यावर पाणी घालायची माझी ती शेवटची वेळ.

दाराला टेकलेली काकू म्हणाली, "राहू दे, पोरी. थे आनतीन."

तिचा हा विश्वास होता, की तिला दुसरा पर्याय नव्हता, हे मला अजून सांगता येत नाही. त्याच्याइतकाच त्या वेळी मला तिचाही राग आला होता.

त्यानंतरचे महिने मी बघत होते ते असे. काकू अंगणातली रांगोळी अंदाजाने काढायला लागली. मग फक्त उंबऱ्यावर दोन बोटं ओढायला लागली. मग तेही बंद झालं. फोडणीत मोहरी तडतडली की कळायचं तिला, पोळी वासावरून उलटायची, डबे तिने एका ओळीत लावून घेतले आणि कोणी हलवले तर ओरडायची. घर इतकं पाठ होतं की बाहेरच्याला संशयही आला नसता. पण तो बाहेरचा नव्हता. एक दिवस मी तिच्यासमोर उभी राहिले आणि नाक कान काही विचारलं नाही. तीच म्हणाली, "आता उजेड कोन्त्या बाजूनं हाय तेवढं समजते." त्याच संध्याकाळी तिने त्याला सांगितलं. माझ्यादेखत, स्वच्छ शब्दांत. "मले आता दिसून नाही राहिलं, अजी." तो ईमेल वाचत होता. "हो, हो," तो म्हणाला. "आता येऊनच राहिली वो. पांढुर्ण्याले काटा निघाला एक."

आणि चिप खरंच आली. पांढुर्ण्याच्या एका जुन्या जिनिंगमध्ये कापसाच्या गाड्या तोलायचा काटा बदलला, त्याचा आकडे दाखवायचा डबा कबाडात निघाला आणि त्याच्या पोटात ती सापडली. जुन्या बनावटीची, हवी त्याच सालाची. मी शाळेतून आले तेव्हा तो अंगणात नाचत होता. साठी उलटलेला माणूस, मफलर हवेत फिरवत. बोळा त्याने माझ्या तोंडासमोर धरला. पांढराशुभ्र. "असली! असली हाय, म्याडम! बोलवा तिले!"

मी म्हटलं, "काका, तुम्हाला खरंच माहीत नाही का?"

"काय?"

मी काकूला बोलवायला वळले. एवढं सांगूनही ज्याला ऐकू आलं नाही, त्याला मी आणखी काय सांगणार होते? त्याचंच त्याला बघू दे, असं मला वाटलं. अगदी दुष्टपणे वाटलं, आणि आजही त्याची मला लाज नाही.

काकूने लुगडं बदललं. केस विंचरले. मी हात धरायला गेले तर तिने धरू दिला नाही. पुढच्या खोलीपर्यंत ती एकटी चालत आली, खुर्ची चाचपली आणि बसली. तो टेबलाशी पाठमोरा होता. नळ झाला होता, चाळीस पाय एकेक करून जागी बसवून झाले होते. त्याने बटण दाबलं. हे मशीन सुरू होताना पाठोपाठ दोन सूर काढतं, आधी एक जाड, मग एक बारीक. ते मी पहिल्यांदाच ऐकले. काकूची मान एकदम वर झाली. त्याने कॅसेट लावली, टेप किंचाळत राहिली, मग ती थांबली आणि टीव्हीच्या काळ्या पडद्यावर ठिपके पडायला लागले.

ती रांगोळी सुंदर होती. मी सांगते, मी आयुष्यात पुष्कळ रांगोळ्या पाहिल्या आहेत. एकेक रेघ ठिपक्याला वळसा घालून जायची, जणू काकू स्वतः उकिडवी बसून चिमटीने सोडते आहे. एक पाकळी, दोन, तीन. मग निळा रंग भरायला लागला. तो हातांच्या मुठी करून बघत होता. चौथ्या पाकळीला तो वळला. बायको कौतुक करेल म्हणून वळला.

काकूचं तोंड खिडकीकडे होतं. उजेड त्या बाजूने येत होता.

"सुरू झाली का?" तिने विचारलं.

दोन्ही चष्मे कपाळावर सारून त्याने तिच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांकडे. मला वाटतं त्या घरात त्याने प्रथमच काहीतरी चष्म्याशिवाय पाहिलं. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. मी नजर खाली केली नाही. पडद्यावर पाचवी पाकळी पूर्ण झाली, सहावी सुरू झाली, लाल रंगाने सगळी खोली किंचित लाल झाली.

"नाही वो," तो म्हणाला. "झुठी निघाली. हेबी नकलीच निघाली."

आयुष्यभर ज्या माणसाने एक खोटी चिप खपवून घेतली नाही, त्याने खऱ्या चिपेला खोटं ठरवलं. लोकांना वाटेल, बायकोला वाईट वाटू नये म्हणून बोलला असेल. मी तिथे होते. मला तसं वाटलं नाही. 'मी उशीर केला' म्हणण्यापेक्षा त्याला ते सोपं गेलं, एवढंच.

तोवर रांगोळी पूर्ण झाली होती. आठही पाकळ्या. ती तशीच पडद्यावर थांबली होती.

"चिपले काहून नावं ठेवता जी?" काकू म्हणाली. आवाज अगदी साधा, भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तसा. "आवाज आयकला मी. माह्या मशीनचा आवाज मले समजत नाही का? चिप खरी हाय. तुम्हीच उशीर केला. तेवढं म्हना."

त्याने टेपमधली कॅसेट काढून हातात घेतली.

"एकडाव म्हना. मंग बंद करा. लाइट फुकट जळून राहिली."

त्याने मशीन बंद केलं. मी ते घर सोडेपर्यंत काकू त्याच्या तोंडून तेवढं ऐकायची वाट बघत होती, जेवायला वाढताना, थेंबांच्या रिकाम्या बाटल्या टाकताना, काही न विचारता. तो ते म्हणाला नाही.